जावईबापूंचं दार

वारा पडला आणि सगळ्यांत आधी हलली ती वहिनी. तिने डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि कोणाकडेही न बघता जमिनीवरची वाळू ओढायला सुरुवात केली. ह्या घराची रीतच तशी. वारा पडला की आधी झाडू निघायचा, मग शब्द. दुपारभर सात माणसं ह्या एका खोलीत नाकातोंडाला रुमाल बांधून बसली होती, आणि ज्या कामासाठी जमली होती ते काम, म्हणजे भांडण, रुमालांपायी अर्धवट राहिलं होतं.

"हं, आता बोला," दादाने रुमाल गळ्यात ओढला. "काडे, तुझं एकटीचं राहिलंय. हो म्हण आणि सगळ्यांना मोकळं कर."

काडी तिच्या नेहमीच्या जागी, पिठाच्या रिकाम्या पिंपावर बसली होती. पन्नाशी उलटलेली बाई, पण नाव काडीच. लहानपणी आजोबांच्या भट्टीला मागच्या उतारावरून जळण आणायचं काम तिच्याकडे होतं. पुढे भट्टी गॅसवर गेली, काम सुटलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. अंगापिंडानेही ती त्या नावाला जागली होती.

"नाही म्हटलं ना एकदा," ती म्हणाली.

"एकदा कुठे? सकाळपासून तेच दळण चाललंय," पंप्या म्हणाला. हा दादा आणि काडी दोघांचा धाकटा भाऊ. पंप बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा, आणि दोन्ही कामं तो सारख्याच उत्साहाने करायचा. "ताई, अगं तुला तिकडे खोली काढलीये वेगळी. खिडकीत कुंडी ठेव, त्यात लाव काय लावायचं ते."

उद्या सकाळी ट्रक येणार होता. पीठ मळायचं यंत्र, भट्टी, ट्रे, कपाटं आणि शेवटी माणसं, सगळं शहरात जायचं होतं. तिथे दादाच्या मुलीने, पिठीने, आणि जावईबापूंनी बेकरीसाठी छान गाळा बघून ठेवला होता. भिंतींना टाइल्स, आणि खिडकी उघडी ठेवून पाव भाजता येईल अशी हवा. सगळं ठरलं होतं. फक्त वडिलांनी जाताना एक पाचर मारून ठेवली होती. ह्या घराला कुलूप लावायचं तर घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून 'हो' आलं पाहिजे. वडील तसे थट्टेखोर. ते खरंच म्हणाले की गमतीत, हे आजवर कोणाला कळलेलं नव्हतं, पण बाप गेला की त्याची गंमतही कायदा होऊन बसते.

"मला काय हौस आहे?" दादा म्हणाला. "मास्तरांचा दात गेला माझ्या पावाने. दात."

"मास्तर काही बोलले का तुला? उलट हसले."

"हसले म्हणूनच तर मला ती फट दिसली."

दादाचं खरं दुखणं ते होतं. तो पीठ दोनदा चाळायचा, मळलेल्या गोळ्यावर ओलं फडकं घालायचा, भट्टीच्या खोलीत कोणाला चपला घालू द्यायचा नाही, तरी पावात वाळू यायचीच. गिऱ्हाइकं जुनी, भली माणसं, दाताखाली कचकन झालं तरी खाली मान घालून चावायची. ते त्यांचं मुकाट चावणं दादाला शिव्यांपेक्षा लागायचं. गेल्या वर्षभरात त्याने स्वतः आपला पाव खाल्ला नव्हता.

पण काडीचंही काही होतं, आणि ते घराच्या मागे उभं होतं. सहा-सात वर्षं ती एकटी मागच्या उतारावर झुडपं लावत होती. यंत्र आणि ट्रे धुतलेलं बेकरीचं पाणी एका नळीतून तिकडे जायचं, आणि त्याच पाण्यावर ती झुडपं तगली होती. त्यांची मुळं अजून खोल गेलेली नव्हती. आणखी दोन-तीन उन्हाळे तरी त्यांना हाताने पाजावं लागणार होतं. बेकरी गेली की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की पुढच्या उन्हाळ्यात मागे पुन्हा नुसती वाळू. तिच्या एका 'हो'वर एवढं सगळं टांगलेलं होतं. तिला ते नीट माहीत होतं, म्हणून ती पिंपावरून हलायला तयार नव्हती.

"अख्ख्या वाळवंटाला दातकोरण्या रोवून अडवणार आहे ही," पंप्या जावईबापूंना म्हणाला. जावईबापू कसनुसं हसले. सासरच्या भांडणात हसावं की गंभीर राहावं हे त्यांना लग्नाच्या पाचव्या वर्षीही उमगलेलं नव्हतं.

"वाळवंट काय पायांनी चालत आलं?" काडी म्हणाली. "आपणच बोलावून आणलंय त्याला. पाहुण्याला आवतण द्यायचं, आणि तो आला की आपणच घर सोडून पळायचं, हा कुठला न्याय?"

"आपण म्हणजे कोण?" खाटेवरून आवाज आला. हे शेळीकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, घरात आता सगळ्यांत मोठे. दुपारभर झोपल्यासारखे पडून होते, पण शेळ्यांवर विषय येतोय असा नुसता वास आला तरी त्यांना जाग यायची.

"सगळेच. सुरुवात आजोबांपासून. मागचा उतार कमरेएवढ्या झुडपांनी भरलेला होता. आजोबांच्या भट्टीने आधी फांद्या खाल्ल्या, मग बुंधे, आणि मग मुळं."

"मुळं उपटून कोण आणायचं?" दादाने विचारलं.

"मीच. मुळं जास्त वेळ जळतात म्हणून आजोबा मुळांच्या भाऱ्यावर गरम पावाचं टोक द्यायचे. त्यातलं अर्धं तू खायचास, ते सांग की."

दादाच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्याने ते आवरलं.

"त्यानंतर जे कोंब फुटले ते काकांच्या शेळ्यांनी फस्त केले."

"शेळी कोंब खाणार नाही तर काय दगड खाणार?" काका उठून बसले. "आणि त्या दुधावर तुम्ही तिघं वाढलात. दूध पिताना कोणी विचारलं नाही, काका, ही काय खाऊन आली."

"आणि मग हा," काडीने पंप्याकडे बोट केलं. "पुढच्या शेतात पाताळापर्यंत भोक पाडलं."

"पाणी लागलं होतं की नाही?" पंप्या उसळला. "दोन वर्षं शेत हिरवंगार होतं. ते टोमॅटो खाताना कोणाला खारट लागले नाहीत."

"तिसऱ्या वर्षी लागले. पाणी खारं झालं, जमिनीवर पांढरी साय धरली, विहीर आटली. नांगरलेलं शेत तसंच उघडं टाकून तू गावोगाव पंप बसवत हिंडलास."

पिठी एवढा वेळ हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. लहानपणी सतत पिठाने माखलेली असायची म्हणून तिचं नाव पिठी. "म्हणजे पणजोबांनी फांद्या नेल्या," ती म्हणाली, "ह्या आजोबांच्या शेळ्यांनी कोंब नेले, पंपूकाकाने पाणी नेलं, मग धरून ठेवायला काहीच नाही म्हणून चांगली माती वाऱ्याने नेली. तिच्याखाली उरली ती वाळू. बरोबर ना? मग दोष कोणाचा?"

"वाऱ्याचा," दादा, पंप्या आणि शेळीकाका एका सुरात म्हणाले.

वहिनीला झाडता झाडता हसू फुटलं. मग काडीलाही आवरेना. भांडण असं मध्येच हसण्यात सांडायचं हीसुद्धा ह्या घराची जुनीच खोड. पण हसू ओसरलं की विषय जिथल्या तिथे असतो, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"ते सगळं राहू दे," काका पायात चपला सरकवत म्हणाले. "माझी बाईसाहेब कुठे असेल? वारा सुटला तेव्हा दाव्याला नव्हती ती."

काकांच्या कळपातली आता एकच शेळी उरली होती. तिची शिंगं, तिची चाल आणि बोलावल्यावर न येण्याची पद्धत बघून काकांनीच तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. दुपारभर ते झोपेचं सोंग करून तिचीच काळजी करत होते, हे काडीला आत्ता त्यांनी उलटसुलट घातलेल्या चपला बघून कळलं. काका दारापाशी गेले, त्यांनी दार ढकललं, आणि दार हललं नाही.

इथे दाराची हकीकत सांगायला हवी. ह्या घराची दारं पहिल्यापासून आत उघडायची. बाहेर वाळूचा ढीग लागला तरी दार आत ओढायचं, थोडी वाळू पायावर सांडायची, आणि फावडं घेऊन बाहेर पडायचं. शेंबड्या पोरालाही हे न सांगता कळायचं. पण जावईबापू दारं-खिडक्यांच्या कारखान्यात नोकरीला, आणि गेल्या वर्षी त्यांनी सासरी आपल्या हाताने एक नवंकोरं दार बसवून दिलं. आरशासारखं पॉलिश, पितळी मूठ, आणि खोलीत जागा वाचावी म्हणून बाहेर उघडणारं. ते बसवलं त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि सगळ्यांनी दाराची तोंडभरून स्तुती केली. जावयाच्या दाराला उलटं म्हणणार कोण? तेव्हापासून वारा बेताचा असायचा, ढीग थोडक्यात निभायचा. आज मात्र पुढच्या शेतातून जे आलं होतं त्याने खिडकीच्या गजांमधला उजेडही निम्मा करून टाकला होता.

पंप्याने खांदा लावला. दादाने लावला. दोघांनी मिळून लावला. मग जावईबापू नम्रपणे पुढे झाले, त्यांनी मूठ धरून जोर केला, आणि मूठ त्यांच्या हातात आली.

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. दादा छताकडे बघू लागला, पंप्या आपल्या नखांकडे.

"पॉलिश मात्र अजून जसंच्या तसं आहे," वहिनी म्हणाली.

बेकरीचं शटरही वर जाईना, त्याच्या दोन्ही खाचा वाळूने गच्च भरल्या होत्या. खिडक्यांना गज. फोनला रेंज नाही, वारा सुटला की सगळ्यांत आधी तीच जायची. हाक मारावी तर हे रस्त्यावरचं शेवटचं घर, आणि शेजारी आपापले ढीग उपसण्यात गुंतलेले असणार. काका खाटेवर जाऊन बसले. दाव्याचा तुकडा तेवढा हातात घेतला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काडी म्हणाली. "मागची खिडकी आहे ना."

दादाने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती भट्टीत पाणी ओता म्हणाली होती. मागची खिडकी त्याने स्वतः फळ्या ठोकून बंद केली होती. त्याआधी घरामागे त्याने मोठ्या खर्चाने एक भिंत बांधली होती, उंच, पक्की, वाळू अडवायला. वाळू एका वर्षात भिंतीवर चढली, पलीकडे उतरली आणि एका पहाटे खिडकीतून थेट फुगायला ठेवलेल्या पिठावर आली. त्या दिवशी दादाने फळ्या ठोकल्या, त्यांच्यापुढे पिठाच्या गोण्या रचल्या, आणि त्यानंतर तो घराच्या मागे कधी गेलाच नाही. घरातलं दुसरं कोणीही गेलं नाही. बोळातून वळसा घालून काडीच तेवढी जायची.

"ती खिडकी उघडली तर अख्खा डोंगर घरात येईल," दादा म्हणाला.

"येणार नाही."

"तुला काय माहीत? आजचा वारा बघितलास ना? असा वारा वडिलांच्या वेळीही नव्हता."

तेच तर. काडीलाही माहीत नव्हतं. साध्या वाऱ्यात झुडपांभोवती तिने घातलेले चौकोन टिकतात हे तिने बघितलं होतं, पण आज दुपारभर छताचे पत्रे वाजत होते. आत्ता मागे काय उरलंय, झुडपं आहेत की नुसती टेकडी, ह्याची तिला कल्पना नव्हती. आणि तरीही तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"दादा, खिडकी उघड. वाळू आत आली तर मी हो म्हणते. उद्या ट्रकमध्ये सगळ्यांत आधी मी बसते."

झाडू थांबला.

"आणि नाही आली तर?" दादाने विचारलं.

"तर काही नाही. तू तुझं बघ."

"आत्या, असं काय बोलतेस," पिठी हळूच म्हणाली. सकाळपासून ती बापाच्या बाजूने बोलत होती, पण आता ती येऊन पिंपाला टेकून उभी राहिली.

दादाने बाह्या वर केल्या. "पंप्या, पक्कड काढ."

मागच्या खोलीत सगळे जमले. गोण्या बाजूला ओढताना जावईबापूंनी सगळ्यांत जास्त गोण्या उचलल्या. कोणीही न सांगता त्यांना आज आपण काहीतरी देणं लागतो असं वाटत असावं. वहिनीने शेवटच्या पावांसाठी फुगायला ठेवलेल्या पिठावर एकावर एक तीन चादरी घातल्या. खाली ताडपत्री अंथरली. दादा भट्टीतला पाव काढायची लांब दांड्याची फळी ढालीसारखी धरून खिडकीसमोर उभा राहिला. काकांना स्टूल दिलं, ते त्यांनी खिडकीच्या अगदी जवळ ओढून घेतलं.

"तू केलंयस तरी काय मागे?" खिळे उपटता उपटता पंप्याने विचारलं.

"गुडघ्याएवढ्या फळ्यांचे चौकोन. फळी, फट, फळी, फट. आत झुडूप."

"फटी कशाला? वाळू येणार नाही का त्यातून?"

"वाऱ्याला समोरासमोर अडवलं की तो चिडतो आणि वर चढतो. दादाच्या भिंतीचं तेच झालं. फटीतून जाऊ दिलं की दमतो. दमला की हातातलं ओझं खाली ठेवतो, तिथेच, चौकोनात."

"आणि फळ्या कुठून आणल्यास?" दादाने मान न वळवता विचारलं.

काडीने ताडपत्रीची सुरकुती नीट केली.

"काडे, माझे पावाचे लाकडी ट्रे दर महिन्याला कमी होतात. मला वाटायचं गिऱ्हाइकं परत करत नाहीत."

"मोडके ट्रे नेले मी."

"मोडके होते की मोडलेस?"

"मोडले की मोडकेच होतात रे."

शेवटचा खिळा कुरकुरत निघाला. फळ्या खाली उतरल्या. आतली जुनी झडप दिसली, काळवंडलेली, आणि अर्थातच आत उघडणारी. काडीने डोळे मिटून घेतले. तिला त्या क्षणी झुडपं आठवली नाहीत, आपण उद्या ट्रकमध्ये कोणत्या बाजूला बसणार तेवढंच आठवलं. दादाने फळी पुढे धरली. पंप्याने कडी काढून झडप ओढली.

काहीच झालं नाही. बोटभर धूळ चौकटीवरून ताडपत्रीवर पडली, बस. मग संध्याकाळचा तिरपा उजेड आत आला, कित्येक वर्षांनी ह्या खोलीत आला. उजेडापाठोपाठ एक धुळकट हिरवी फांदी आत आली. आणि फांदीपाठोपाठ, ती फांदी चघळत, बाईसाहेबांचं डोकं आत आलं.

"आहे, आहे, जिवंत आहे," काका म्हणाले आणि त्यांनी शेळीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. बाईसाहेबांनी वारा सुटताच आपली सोय बघितली होती. अख्ख्या परिसरात आडोसा म्हणावा अशी एकच जागा होती, ती त्यांना बरोबर सापडली होती, आणि तिथे खायचीही सोय होती.

काडी काकांना बाजूला सारून खिडकीत वाकली. बाहेरच्या दोन ओळी गेल्या होत्या, साफ पुरल्या होत्या, फळ्यांची टोकंही दिसत नव्हती. पण त्यांच्या अलीकडे वाळू चौकोनाचौकोनांत बसली होती, आणि घराच्या बाजूची झुडपं उभी होती. धुळीने करडी झालेली, वाकलेली, पण उभी. तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. त्यातल्या त्यात सोपं म्हणून ती शेळीवर खेकसली. "सोड ती फांदी, मेले. सात वर्षं लागलीयेत तिला."

"खाऊ दे गं एक," काका म्हणाले. "पाहुणी आहे."

मग एकेक जण खिडकीतून उतरला. वहिनी अडून बसली, ह्या वयात खिडकीतून उतरायचं म्हणजे काय.

"लग्नाआधी उतरायचीस की," दादा म्हणाला.

"जावयासमोर काय बोलताय," वहिनी म्हणाली, आणि झटक्यात उतरली.

दादा सगळ्यांत शेवटी उतरला. त्याने आपली भिंत शोधली, ती कुठेच दिसेना, खोल पुरलेली होती. मग तो चौकोनांच्या कडेने हळूहळू चालत गेला. एका फळीपाशी वाकून त्याने धूळ पुसली. फळीवर बेकरीचा जुना शिक्का होता. मग तो पुढच्या फळीकडे गेला. काडीला तो आत्ता खरं म्हणजे ओरडायला हवा होता.

वळसा घालून सगळे पुढे आले आणि दारासमोरचा ढीग उपसायला लागले. वाळू इथे वेगळी दिसत होती, पांढुरकी. पंप्याने चिमूटभर उचलली, वास घेतला, आणि जिभेच्या टोकाला लावली.

"खारट आहे," तो म्हणाला. मग जरा वेळाने, खाली बघत, "ही माझ्या शेतातली."

तो फावडं चालवत राहिला, इतरांच्या दुपटीने. ढीग निम्मा झाला तेव्हा तो काडीजवळ सरकला. "ताई, खाऱ्या जमिनीतही जगतं का काही?"

"एक-दोन जातींची झुडपं जगतात. हळूहळू. आधी चौकोन घालावे लागतील."

"ट्रे किती लागतील?"

"ते दादाला विचार. मी नाही विचारणार."

दार मोकळं झालं तेव्हा काका बाईसाहेबांना दाव्याने धरून त्याच्यासमोर उभे राहिले. वय झालं की माणसाला खरं बोलायची मुभा मिळते, आणि काका ती मुभा जपून वापरत. "जावईबापू," ते म्हणाले, "दार झकास आहे. फक्त उलटं आहे."

जावईबापू लालबुंद झाले. "मला बसवतानाच शंका आली होती, आजोबा. पण तुम्ही सगळ्यांनी एवढं कौतुक केलंत. कोणीतरी सांगायचं होतं."

"जावयाला?" चौघांनी एकदम विचारलं, आणि मग रस्त्यावरच सगळे हसत सुटले. जावईबापूही हसले, ह्या वेळी कसनुसं नाही, खरंच.

हसून झाल्यावर काडी एकटीच मागे गेली. पुरलेल्या ओळींमधून हाताने उकरून सापडतील तेवढ्या फळ्या ती बाहेर काढू लागली. पैज तिने जिंकली होती, पण पैजेच्या दुसऱ्या पारड्यात काहीच नव्हतं, तिनेच ठेवलं नव्हतं. उद्या ट्रक येणारच होता. तिला आता 'नाही' म्हणायचाही कंटाळा आला होता. दादाचा तो मास्तरांच्या दाताबद्दल बोलतानाचा चेहरा तिला आठवला, आणि वाटलं, म्हणून टाकावं हो. एका माणसाने किती जणांना अडवून धरायचं?

तेवढ्यात पुढून ठोकल्याचा आवाज आला. ती हात झटकत, बोळातून वळसा घालून पुढे आली.

दादा काकांच्या स्टुलावर उभा होता. जावईबापूंनी दाराचं वजन दोन्ही हातांनी पेललं होतं आणि दादा बिजागऱ्यांचे स्क्रू काढत होता. वहिनी झाडू कमरेशी धरून उभी होती.

"अहो, उद्या सामान हलवायचं आणि आज दार कसलं फिरवताय?"

"दार आत उघडलं पाहिजे," दादा म्हणाला. तोंडात दोन स्क्रू होते. "सकाळी लोक पावाला येतात. त्यांना काय खिडकीतून देऊ?"

"आणि ट्रक?"

"त्याला चहा-पाव देऊ. माणूस उपाशी परत जाऊ नये."

वहिनीने झाडू भिंतीला टेकवला. "राहायचं तर राहू," ती म्हणाली. "पण उद्यापासून झाडू आळीपाळीने. मी दिवसातून तीनदा एकटी झाडणार नाही. तुम्हीसुद्धा झाडायचं."

"कबूल."

"बाबा, आणि मी तिकडे टाइल्स पुसून ठेवल्यात त्यांचं काय?" पिठी रुसून म्हणाली.

"टाइल्स कुठे पळून जातायत? पळते ती वाळू. एक वर्ष बघू." दादाने स्क्रू घट्ट केला. "पण मास्तरांचा दुसरा दात गेला ना, तर मी कोणाचं ऐकणार नाही, सांगून ठेवतो. पंप्या, ऐकलंस? तुझं शेत आधी."

"ऐकलं," पंप्या म्हणाला.

काडी तिथेच उभी होती, हात वाळूने भरलेले. दादाने तिच्याकडे बघितलंच नाही. स्टुलावरून उतरला, हात पुसले, आत गेला आणि पावाच्या ट्रेंची एक चळत छातीशी धरून बाहेर आला. ती त्याने तिच्या पायाशी ठेवली.

"हे घेऊन जा," तो म्हणाला. "मोडकेत."

काडीने वरचा ट्रे उचलला, उलटा करून बघितला. मग त्याखालचा, मग त्याच्याखालचा. एकालाही साधी चीर नव्हती.

"हो रे," ती म्हणाली. "अगदी कामातून गेलेत."